फुकटची धुरी

फुकट आलेल्या वस्तूचा मला आधी वास येतो. त्या साली टरफलांचा आला.

मुंबईच्या चाकरमान्यांबरोबर फ्लू आला आणि वालावलजवळच्या आमच्या गावात घरोघरी माणसं आडवी झाली. देवळात गाऱ्हाणं घातलं. मानकऱ्यांनी ठरवलं की तिन्हीसांजेला प्रत्येकाने दारं-खिडक्या लावून घरात धुरी घालायची, म्हणजे साथ सीमेपार जाईल. निर्गुडीचा पाला आणि ऊद हे नेहमीचंच, पण पाला ओला होता, धुमसून विझायचा. तेव्हा काजूच्या कारखान्याचे मालक पुढे झाले. भाजलेल्या काजूची टरफलं त्यांच्या आवारात ढिगाने पडली होती.

"न्या रे, होयी तितकी न्या. पैशे नकोत."

टरफल तेलकट. काडी लावली की भडकतं आणि घशाला झोंबणारा पांढरा धूर सोडतं. गाव म्हणाला, मालक देवमाणूस. मी म्हणालो, जो माणूस बी फोडणाऱ्या बायकांना तेलाने हात पोळू नयेत म्हणून चोळायची राखसुद्धा मोजून देतो, तो टरफलं फुकट का वाटेल?

माझी आते त्याच कारखान्यात काजू भाजायची, नवरा वारल्यापासून. उघड्या कढईत बिया पेटायच्या, ती उभ्याने त्या उलथायची, पाणी मारायची आणि उठलेला सगळा धूर नाकातोंडात घ्यायची. तिला वर्षानुवर्षं खोकला होता. भाजणाऱ्या सगळ्याच बायकांना होता. त्याला आजार कोणी म्हणत नसे. "भट्टीचो खोकलो" म्हणत, जणू तो पगाराबरोबरच मिळायचा.

घरात दोघीच, आते आणि तिची मुलगी. दोघींना एकदमच ताप भरला. मुलगी चार-पाच दिवसांत पेजेची वाटी घेऊन अंगणात येऊन बसली. आते उठेना. बोलताना तिचं वाक्य मध्येच तुटायचं, बरगड्या वरखाली व्हायच्या आणि ओठांवर निळसर झाक आली होती.

एकच साथ, एकच घर, एकच पेज. मग हिलाच का? मी जो भेटेल त्याला विचारत सुटलो.

"नशीब रे," शेजारची काकी म्हणाली.

"खंयचा तरी गाऱ्हाणा चुकला आसतला," देवळातला एक म्हातारा म्हणाला.

उत्तर इतक्या चटकन मिळालं की मला शंका येते. त्या दिवशी तिन्हीसांजेला आतेकडे गेलो तर दारं बंद. आत, खाटेपाशी खापरीत टरफलं पेटलेली. मुलगी एका हाताने डोळे पुसत होती आणि दुसऱ्या हाताने वारा घालत होती, धूर आईकडेच जावा म्हणून! मी खापरी उचलली आणि अंगणात भिरकावली.

"मेल्या, देवाचा काम मोडतस!" काकी कुंपणावरून ओरडली.

"देवाक खोकलो नाय गो काकी, हिका आसा!"

सकाळी बैलगाडीने रस्ता गाठला आणि तिथून एस.टी.ने सावंतवाडीचा दवाखाना. डॉक्टरांनी छाती ऐकली आणि आधी कामच विचारलं.

"काजू भाजते," मी म्हणालो.

"गावात ताप सगळ्यांना तोच आहे. धडधाकट छाती तो झटकून टाकते. हिची छाती आधीच निकामी झालेली, झटकायला बळ कुठून आणणार? आणि त्यावर धूर? कुणी सांगितलं?"

"टरफलं मालकांनी दिली."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले आणि पुन्हा लिहू लागले. मला तेही आवडलं नाही.

इंजेक्शनांनी आते वाचली. घरी आली, पण विहिरीचा दोर ओढणं संपलं. साथ अजून सरली नव्हती. तिन्हीसांजेला प्रत्येक कौलातून धूर निघायचा. मालकांच्या घराच्या तेवढ्या खिडक्या सताड उघड्या. आणि कारखान्याचं आवार बघावं तर झाडल्यासारखं लख्ख.

मालक नारळ घेऊन आतेला बघायला आले. मी विचारलंच, "तुमच्या घराक धुरी दिसणा नाय ती?"

"आमची म्हातारी दम्याची आसा. तिका धूर सोसणा नाय."

हे त्यांनी पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. भट्टीवर खोकणाऱ्या बायका त्यांना रोज दिसत होत्या. त्यांना दोन गोष्टी जोडता आल्या नाहीत, असं गाव आजही म्हणतो. माझा त्यावर विश्वास नाही.

मग ते आतेकडे वळले. "भट्टीर तुझी जागा रिकामी आसा गो. चेडवाक धाड."

मुलगी माझ्याकडे बघू लागली. माझ्या तोंडात अख्खं पत्रक तयार होतं. पण आतेने हात वर करून मला गप्प केलं.

"चेडू..." ती म्हणाली, आणि श्वास घेतला. "येवचा नाय."

"मगे खातल्यात काय?" मालक हसले.

आते खांबाला धरून उठली, ओटीवर ठेवलेला नारळ उचलला, वाटेत एकदा थांबली, आणि तो त्यांच्या हातात परत ठेवला.