जमा केलेली किल्ली

"ताई, बाहेरच्या काट्यावर गाडी जास्त भरती अन् हितं कमी. तुमी तर म्हनल्या हुत्या, माझ्याबिगर काट्याला हात लागायचा न्हाई."

आश्रूबा मुकादम काटाघराच्या दारात उभे होते. मागे त्यांची टोळी. पाथर्डीकडची माणसं, गोदाकाठच्या या साखर कारखान्यावर हंगामाला ऊस तोडायला आलेली. त्यांची मजुरी वजनावर. काट्यात मारलं की पोटात मारलं.

त्या काट्याचा कॉम्प्युटर मी बसवला होता. नगरच्या एका छोट्या कंपनीत मी प्रोग्रॅमर. आधी काट्याच्या भांडणावरून तोड बंद पडली होती. तेव्हा कारखान्याने कबूल केलं, वजनाच्या प्रोग्रॅममध्ये बदल करायचा तर दोघांची संमती लागेल: काटा इन्चार्जची आणि तोडणी मजुरांतर्फे आश्रूबांची.

तोंडी कबुलीवर माझा विश्वास नव्हता. म्हणून ती मी कर्नलमध्ये घातली. कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा. कोणता प्रोग्रॅम चालू द्यायचा, ते तोच ठरवतो. त्याच्या पोटात मी दोन किल्ल्यांची ओळख ठेवली. किल्ली म्हणजे खूप मोठा गुप्त आकडा. त्याने प्रोग्रॅमवर सही करता येते, आणि तो हाती नसेल तर ती सही कोणालाच जमत नाही. दोन्ही सह्या जुळल्या तरच कर्नल प्रोग्रॅम चालवणार. किल्ल्या दोन फ्लॉपींवर: एक इन्चार्जकडे, दुसरी आश्रूबांकडे.

टोळीला हे समजावलं तेव्हा मीच छाती फुगवून म्हणाले होते, "मशीनवर आश्रूबांची सही दिसली, तर ती आश्रूबांचीच."

"मुकादमाला अंगठ्याबिगर काय येत न्हाई, अन् मशिनीत सई!" कोणीतरी टोमणा मारला. आश्रूबाच सगळ्यात जास्त हसले होते.

आता मी मशीन तपासलं. प्रोग्रॅम बदललेला होता. बदल पावसाळ्यातला, कारखाना बंद असतानाचा. सह्या दोन्ही बरोबर.

"आश्रूबा, फ्लॉपी कुठंय?"

"जमा केली की."

"कुठं?"

"स्टोअरला. हंगाम सरल्यावर ताडपत्री, दोर, समदं जमा करावं लागतं. त्याबिगर गावाकडं जायची चिठ्ठी मिळत न्हाई. फ्लॉपी बी कारखान्याचीच ना? तीबी ठेवली वर."

दर वर्षीची रीत. एका हातानं घ्यायचं, दुसऱ्या हातानं परत करायचं. प्रामाणिक माणसाने तेच केलं होतं. फ्लॉपीचं काय करायचं हे स्टोअरकीपरला कळेना. कॉम्प्युटरची वस्तू म्हणून त्याने ती काटा इन्चार्जकडे पाठवून दिली. दोन किल्ल्या, एक खिसा.

मी कार्यकारी संचालकांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, आश्रूबांची किल्ली कर्नलमधून काढावी लागेल. जुना प्रोग्रॅम परत घालू. कर्नल नव्याने बांधून मशीन बंद-चालू करायचं. तोवर काटा थांबेल."

"गाड्यांची रांग नाक्यापर्यंत गेलीय, मॅडम. गव्हाणीत ऊस पडला नाही तर गाळप बंद. तुमची सिस्टिम बिघडली का?"

"नाही."

"सही खोटी आहे?"

"सही खरी आहे. करणारा खोटा आहे."

"हे मशीन सांगतं, की तुम्ही सांगता?"

मी सांगत होते. सही कोणी केली हे कर्नलला कळतच नाही. कोणत्या किल्लीने केली, एवढंच कळतं.

साहेबांनी टोळीला काटाघरात बोलावलं आणि स्क्रीन दाखवला. आश्रूबांचं नाव मराठीत दिसावं, हा माझाच हट्ट होता. ते लांबूनही वाचता येत होतं.

"तुमच्या मुकादमाची सही आहे. आमच्याकडं काय मागता?"

मी ओरडून सांगितलं, की त्या दिवसांत आश्रूबा गावी होते, फ्लॉपी त्यांच्याकडे नव्हती. टोळीतली एक बाई पुढे आली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"ताई, तुमीच म्हनला हुता ना, त्याची सई म्हंजी त्योच? मग आता मशीन खोटं बोलतंय, व्हय?"

आश्रूबांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. "मी जमा केली हुती," एवढंच पुन्हा म्हणाले. कोणी ऐकून घेतलं नाही.

मी कंपनीच्या लेटरहेडवर तक्रार दिली. ती पोचल्याचंसुद्धा कोणी कळवलं नाही. मग माझ्या खर्चाने पत्रकं छापून तळावर वाटली. वाचणारे थोडे होते. ज्यांनी वाचलं, त्यांनी विचारलं, मुकादमाने तुम्हाला किती दिले?

गाळप संपल्यावर ती किल्ली काढायची परवानगी मिळाली. जुना प्रोग्रॅम परत घातला, काटा आता सरळ आहे. टोळी मात्र दुसऱ्या मुकादमाबरोबर येते. आश्रूबा येत नाहीत. त्यांनी उचलबिचल बुडवली नव्हती, कोणाला मारलं नव्हतं. मी मशीनला शिकवलेल्या एका वाक्यावर त्यांचं नाव गेलं.

किल्ली द्यायची कशी, यावर मी रात्रंदिवस डोकं लावलं होतं. ती परत कोण मागेल, हा विचार केला नव्हता. आता जिथे अशी सिस्टिम बसवते, तिथे हंगाम संपताच स्वतः जाते. किल्ली कर्नलमधून काढते आणि ज्याची फ्लॉपी त्याच्यासमोर कात्रीने कापते. नव्या हंगामाला नवी किल्ली.

स्टोअरकीपर कुरकुरतात, अर्धी फ्लॉपी जमा कशी करून घ्यायची म्हणून. करून घेऊच नये.