भाड्याची गाणी

मी पदवीधर झालो तो माझ्या मोठ्या भावामुळे. नववीत शाळा सोडून तो बिछायत केंद्रात लागला, लग्नांना भाड्याचे मंडप आणि खुर्च्या पोहोचवू लागला आणि मला आमगावला कॉलेजात पाठवलं. पुढे त्याने स्वतःची साउंडची पेटी घेतली. ती त्याची एकट्याची.

दिवाळीत माझ्या फोनचं नेट घेऊन त्याने आपल्या जुन्या, बिनसिमच्या फोनवर एका ॲपमधून वरातीची गाणी डाउनलोड केली. नंतर धानाची कापणी आणि चुरणी आली. फोन पेटीतच पडून राहिला. लग्नसराईत सडक अर्जुनीकडच्या जंगलातल्या एका गावी वरात मिळाली. मीही मदतीला गेलो. तिथं कुणाच्याच फोनला रेंज नव्हती.

वरात निघाली आणि गाणं लागेना. सगळी नावं फिकट पडलेली. वर एकच ओळ: इंटरनेटला जोडा.

"डाउनलोड आहे ना," भाऊ पुटपुटला. "मंग काऊन नाही वाजून राहिला?"

नाचायला आलेली पोरं भोवती जमली. "ओ डीजेवाले, मयतीले आलो का बे आमी?"

हशा पिकला. मग नवरदेवाच्या काकाने पेटीवर हात ठेवला. "गाना नहीं, तो पेटी बी नहीं. पेटी इथंच राहीन."

आता कुणी हसलं नाही.

"तू रोडवर जाय," भाऊ मला म्हणाला. "रेंज भेटन. मी आहो इथं."

त्याला त्या गर्दीत सोडून, त्याचा फोन घेऊन मी मोटारसायकल काढली. कोहमाऱ्याच्या रस्त्याला चढावर रेंज आली. माझं नेट मिळताच गाणी उघडली. परतताना गावाकडून काहीच ऐकू येईना, तसा मी गाडीचा वेग वाढवला.

भाऊ पेटीवर बसून होता. शर्टाची बाही फाटलेली. मी फोन जोडला, गाणं लागलं, पोरं नाचली. काकाने तंबाखूचा खर्रा पुढे केला. भावाने घेतला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने अर्जुनी मोरगावला एका लग्नात वाजवायचं ठरलं होतं, तिथं नकार कळवला. पेटी विकतो म्हणाला.

गोंदियाला नोकरीवर परत आल्यावर मी त्याला पाठवलेलं पत्र हे:

"भाऊ,

सोबत मेमरी कार्ड आहे. ॲपमधली डाउनलोड गाणी आपल्या खुर्च्यांसारखी असतात. लोक बसतात, पण त्या त्यांच्या होत नाहीत. फोनला बरेच दिवस नेट मिळालं नाही की ॲप ती गाणी बंद करतं. ह्या कार्डातली मी विकत घेतली आहेत. यांना नेट लागत नाही. काही गाणी विकत मिळालीच नाहीत. ती कुणी मागितली तर आधीच नाही म्हण.

अर्जुनी मोरगाववाल्यांना मी फोन केला होता. त्यांना अजून दुसरा कुणी मिळालेला नाही. मी सुट्टी घेतली आहे. तू हो म्हण, मी येतो."