शर्यतीच्या चित्रातली मिशी

ती फिर्याद आठवली की आजही माझा हात मिशीकडे जातो. मी तेव्हा जबलपुरात ठाणेदार होतो. सकाळची हजेरी संपते न संपते तोच राइट टाउनमधले एक निवृत्त मराठी गृहस्थ घाम पुसत ठाण्यात आले. त्यांच्या बैठकीतलं मोटार शर्यतीचं जुनं तैलचित्र चोरीला गेलं होतं.

"वडिलांनी जिंकलेली शर्यत, साहेब. लाल मोटार, अन् स्टिअरिंगवर ते, झुपकेदार मिशीत. उद्या विकत घेणारा येऊन राहिला, अन् आजच गायब."

गुन्हा नोंदवण्याआधी मी जागा पाहायला गेलो. कडीकोयंडा शाबूत होता. चित्राच्या जागी कोणीतरी कॅलेंडर नीट सरळ लावून ठेवलं होतं. चोर घर साफ करतो, भिंतीची शोभा सांभाळत बसत नाही. हे घरातल्याच माणसाचं काम. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. ताईंनी मला चहा दिला, पण नजर दिली नाही.

दुपारी कांचघर भागातल्या पानवाल्याचा, म्हणजे आमच्या खबऱ्याचा, फोन आला. "साहब, बगल में फ्रेमवाले के यहाँ एक माताजी मोटर वाली तस्वीर दे गई हैं। ड्राइवर की मूंछ मिटवा रही हैं।"

पुरावा नष्ट करणारे खूप पाहिले होते, पण मिशी नष्ट करणारं कोणी पाहिलं नव्हतं. मी परत गेलो आणि ताईंना एकटं बसवून विचारलं, "ताई, मिशी काहून पुसून राहिल्या?"

त्या आधी हसल्या, मग डोळे पुसले. "ते बाबा नाहीतच, साहेब. मोटार आईनं चालवली, जिंकली पण तीच. लोक काय म्हणतील म्हणून आजोबांनी वरून मिशी रंगवून घेतली. मला आईनंच सांगितलं होतं. माझ्या या भावाला सांगितलं तर म्हणतो, तुझं काहीतरीच. आता विकलं की आई कायमची मिशीतच राहील न?"

मी दोघांना जीपमध्ये बसवून कांचघरला नेलं. ताईंचे भाऊ वाटभर धुसफुसत होते. दुकानात फ्रेमवाला कापसाच्या बोळ्याने उरलेला काळा रंग उचलत होता. खालून एका तरुण बाईचं दात दिसेपर्यंतचं हसू बाहेर आलं. भाऊंनी वाकून पाहिलं आणि आईचं हसू ओळखलं. मग त्यांनी घेणाऱ्याला फोन लावला. "भैया, कल मत आइए। तस्वीर नहीं बेचनी।" फोन ठेवून बहिणीला म्हणाले, "ताई, आई मोटार शिकली कुठं गं?"

त्यांनी अर्ज मागे घेतला. चोरीच्या जागी काय गेलं हे सगळेच विचारतात, जाणारा मागे काय ठेवून गेला तेही पाहावं, हे मी पुढे प्रत्येक नव्या शिपायाला शिकवलं. परतताना जीपमध्ये ताई आईच्या गोष्टी सांगत होत्या आणि भाऊ एकामागून एक प्रश्न विचारत होते. एवढी वर्षं दोघं एका घरात राहून ताईंना 'काहून' हा पहिला प्रश्न एका पोलिसानं विचारावा लागला, याचं मला हसूही येतं आणि वाईटही वाटतं.