फ्रिज बंद करून ऐकायचं गाणं

गाणं ऐकायला बसण्याआधी घरातला फ्रिज बंद करणारा माणूस शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत मिळून एकच निघेल, आणि तो माझा थोरला साडू आहे. मी हिशेबी माणूस, पडताळल्याशिवाय असं विधान करत नाही. मी ओळखीच्या बऱ्याच जणांना विचारून पाहिलं. फ्रिजला आवाज असतो हेच कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. साडूंना तो दोन भिंतींपलीकडून ऐकू येतो. मग ते उठतात, बटण बंद करतात, आणि गाण्याच्या नादात परत चालू करायचं विसरतात. त्यांच्या घरी आजवर मी जेवढं दही खाल्लं, ते सगळं आंबट होतं.

नोकरी कारखान्यात, विजेच्या देखभालीची. तिथलं शिक्षण त्यांनी दौंडच्या घरात पुरेपूर वापरलं. एवढ्याशा अंगणात केवळ गाण्याच्या मशीनसाठी मीठ-कोळसा भरून अर्थिंगचा वेगळा खड्डा घेतला, आणि ऐकायला बसण्याआधी ते त्यात तांब्याभर पाणी ओतत. "वल धरली की आवाज गोड लागतो, पाव्हणं," असं मला समजावत. यावर अक्का, म्हणजे माझी मोठी मेहुणी, आतून म्हणायची, "तुळस वाळून चालली, तिला घोटभर घालवत न्हाई. खड्ड्याला मातूर रोज आंघोळ!" घर रेल्वे लाईनीला लागून. मालगाडीची शिट्टी झाली की साडू गाणं थांबवत, शेवटचा डबा जाऊ देत, आणि मग गाणं पहिल्यापासून लावत. दौंड जंक्शन असल्यामुळे लांबलचक गाणं त्या घरात शेवटपर्यंत पोहोचलेलं मी कधी ऐकलं नाही. ऐकायची खुर्चीही ठरलेली. तिच्यात पाहुण्याला बसवून, डोकं दोन्ही हातांनी धरून ते न्हाव्यासारखं सरळ करत. चिवडा मिळे, पण गाण्याआधी किंवा गाण्यानंतर. मध्ये चावायचं नाही.

या सगळ्यावर कळस म्हणजे भिंतीवरची घोंगडी. आवाज भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून त्यांनी वडिलांची जुनी काळी घोंगडी खिळे ठोकून ताणली होती. वडील, म्हणजे आबा, खुटबावला असत. मेंढरं विकून शेतीत स्थिर झालेले. घोंगडी पाहून ते दारातच थबकले होते. "पांघरायची वस्तू भिताडाला? भिताडाला हिवतंय व्हय रं?"

माझा या प्रकरणाशी खरा संबंध आला तो दोन हजारचं दशक संपत आलं तेव्हा. साडूंची गाणी तोवर कॅसेटमधून सीडीत आणि सीडीतून कॉम्प्युटरमध्ये गेली होती. आता प्रश्न असा होता की ती कॉम्प्युटरवरूनच ॲम्प्लिफायरला जोडून ऐकायची, की पुण्यात नवीन मिळू लागलेला खास डबा आणायचा. तो डबा फक्त गाणी वाजवतो. कॉम्प्युटरमधली फाईल तारेतून घेतो आणि पुढे पाठवतो. मी सवयीप्रमाणे दोन्ही बाजू मांडल्या. कॉम्प्युटर घरात आहेच, त्यावर वीजबिल भरता येतं, पोरीचा अभ्यास होतो. डबा एकच काम करणार आणि बिघडला तर दौंडात दुरुस्त होणार नाही. साडूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पाव्हणं, ह्या कॉम्प्युटरला दमा हाय. त्याचा पंखा ऐका. आन् एका वेळी धा कामं करणारा गाणं काय म्हणणार? गाणं म्हणायचं तर त्येच एक काम पायजे."

अक्का म्हणाली, "मंग मी सैपाक करताना गुणगुणते, ते काय असतंय?"

"ते गुणगुणणं असतंय," साडू म्हणाले.

पण घाई कशाची आहे, हे त्यांनी मला अंगणात नेऊन सांगितलं. त्यांच्याकडे आबांच्या आवाजाची एकच कॅसेट होती. नव्वदीच्या सुरुवातीला वडगाव रासाईला भीमेच्या काठी मेंढरं मुक्कामाला बसली होती, तेव्हा साडूंनी मित्राचा टेपरेकॉर्डर नेऊन आबांच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. मेंढरं विकल्यावर आबांनी पुन्हा ओवी म्हटली नाही. आग्रह केला तर "आता कशापायी?" एवढंच म्हणत. नजर अधू झालीच होती, आणि आता कानही जायला लागले होते. "एक डाव त्येंनी सोताचा आवाज ऐकावा, आन् नीट ऐकावा," साडू म्हणाले. "पोरगं मेंढरं सोडून कारखान्यात गेलं, त्येनं काय कमावलं, ते तरी कळंल." असं बोलून ते उगाचच खड्ड्यात पाणी ओतू लागले.

त्यांनी ती कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवली होती आणि कितीतरी रविवार बसून साफ केली होती. खरखर काढली. वारा काढला. ओव्यांच्या मधल्या नको त्या जागा कापल्या. तांदूळ निवडावेत तसा एकेक खडा वेचून टाकला. खरोखर, मी ऐकली तेव्हा आबा समोर बसून गातात असं वाटलं. पुण्याच्या दुकानदाराने तो डबा आठ दिवस वापरून बघायला दिला. मग साडूंनी ठरवलं, निकाल आबाच देतील. कुठलं मशीन वाजतंय हे त्यांना सांगायचं नाही.

आबांना खुटबावहून आणून खुर्चीत बसवलं. डोकं सरळ करायला साडूंचा हात पुढे झाला आणि तसाच मागे आला. फ्रिज बंद झाला, खड्ड्याला पाणी मिळालं. पहिल्यांदा कॉम्प्युटरवरून लावलं. आबा काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिले. चेहऱ्यावर काही नाही. ओवी संपली.

"दुसरं लाव," आबा म्हणाले.

डब्यावरून लावलं. आबा पुढे वाकले, एक कान तिकडे केला. साडूंनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे डबा जिंकला. तेवढ्यात आबा म्हणाले, "ह्यात बी न्हाईत."

"काय न्हाईत, आबा?"

"मेंढरं. मेंढरं कुठं गेली?"

साडू म्हणाले, "आबा, तो नको तो आवाज व्हता. म्या काढला. तुमचं गाणं साफ ऐकू यावं म्हून."

"गाणं म्हणायला कोण गेलं व्हतं?" आबा म्हणाले. रागाने नाही, पोराला काही तरी साधं कळलेलं नाही अशा आवाजात. "म्या मेंढरं राखत व्हतो. आवाज चालू ऱ्हायला की ती निवांत चरत्यात, लांब जात न्हाईत. ह्यात मेंढरंच न्हाईत. मंग हा यडा कुणापायी वरडतोय?"

अक्काने तोंडाला पदर लावला. साडूंनी माळ्यावरून जुना टेपरेकॉर्डर काढला आणि मूळ कॅसेट घातली. फीत जुनी झाली होती आणि तुटली असती तर तिला काही इलाज नव्हता. खरखर सुरू झाली, वारा सुरू झाला, आणि वाऱ्यापलीकडून एक घंटा वाजली.

आबा ताठ बसले. "ही पुढची बकरी. वंगाळ जात, सारखी उसात जायची." कॅसेटमध्ये ओवी मध्येच तुटली, कुठेतरी कोकरू ओरडलं, आणि कॅसेटमधल्या आबांनी हाळी द्यायच्या आत खुर्चीतल्या आबांनी दिली. "हुर्रर्र!" मग दोघांची मिळून. बाहेर मालगाडीने शिट्टी दिली. सवयीने साडूंचा हात बटणाकडे गेला, पण त्यांनी गाणं थांबवलं नाही. गाडी गेली आणि मेंढरं अजून चरत होती. आबांनी शेवटची ओवी कॅसेटबरोबर पूर्ण म्हटली. दम लागत होता, सूर कुठल्या कुठे जात होता. साडू खाली, त्यांच्या पायाशी बसून ऐकत होते, म्हणजे त्यांच्याच नियमाप्रमाणे ऐकायच्या अगदी चुकीच्या जागी.

डबा पुण्याला परत गेला. कॅसेट पुन्हा एकदा, न निवडता, खड्यांसकट कॉम्प्युटरमध्ये उतरवली.

पुढच्याच उन्हाळ्यात आबा गेले. घोंगडी भिंतीवरून उतरली. ती आता साडू पांघरतात. खिळ्यांची भोकं अक्काने रफू केली आहेत. परवा मी दौंडला गेलो तेव्हा आम्ही ती ओवी ऐकत बसलो होतो. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता, आत अक्का भांड्यांशी बोलत होती, आणि या सगळ्याखाली एक बारीक गुणगुण चालू होती. मला ती त्या घरात प्रथमच ऐकू आली. मी साडूंना म्हटलं, "फ्रिज बंद करायचा राहिला वाटतं."

"असू द्या, पाव्हणं," ते डोळे न उघडता म्हणाले. "उद्या कुणी तरी इचारंल, फ्रिज कुठं गेला?"