वैद्यबुवांच्या अकरा ओळी

मोहेई जपानच्या जुन्या एदो शहरात आमच्याच गल्लीत राहत असे आणि इतरांचे शब्द इतरांच्या चित्रांत बसवून पोट भरत असे. लेखक मजकूर देई, चित्रकार आकृत्या काढी. उरलेल्या कोऱ्या जागेत मोहेई सुबक अक्षर लिही. मग तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटा चिकटवून मी छपाईचा ठसा कोरायला बसे. पुस्तकावर नावे मात्र त्या दोघांची. "दोन घरमालकांचा एक भाडेकरू मी," असे तो हसत म्हणे.

एका वर्षी नववर्षाच्या पुस्तकाचे सातवे पान अडले. चित्रात बडबड्या वैद्याला कंटाळलेला रोगी अंथरुणातून उठून पळत होता. लेखकाने ऐन वेळी वैद्याच्या तोंडी अकरा ओळी वाढवल्या आणि एकही शब्द गाळू देईना.

"किचिझो, ते झाड जरा सरकव की," मोहेईने चित्रकाराला विनवले.

"झाडं सरकत नसतात, मोहेईदादा. माणसं सरकतात."

प्रकाशनाची मालकीण ओताकीबाई त्याहून रोखठोक. "उद्या दुपारपर्यंत पान द्या. नाहीतर नदीपलीकडचा लेखनिक तयारच आहे."

बावीस वर्षांचे काम हातचे जाणार होते. मोहेईने अक्षर बारीक करून पाहिले. मीच कागद परत केला: "हे कोरायला माशीचा पाय लागेल, दादा. आणि शाई भरली की सगळं काळं!"

दुसऱ्या सकाळी तो नवा कागद घेऊन ओताकीबाईंच्या दुकानात आला. ओळी वैद्याच्या तोंडातून निघून रजईवरून उतरल्या होत्या, रोग्याच्या टाचांशी वळल्या होत्या आणि ओसरीच्या कडेने थेट कुंपणावर चढल्या होत्या.

"माझ्या अंगणात मुंग्या सोडल्यात!" किचिझो कडाडला.

ओताकीबाई मात्र ओळींवरून बोट फिरवत वाचत होत्या. बोट कुंपणाशी पोहोचले आणि त्यांना हसू आवरेना. "अगंबाई! तो जीव घेऊन पळतोय, आणि वैद्यबुवांची बडबड त्याच्या पाठीस लागलीय!"

लेखकाच्या मजकुरात पाठलाग नव्हता, किचिझोच्या चित्रातही नव्हता. दोन्ही एका कागदावर आली तेव्हाच तो घडला. किचिझोने पान पुन्हा न्याहाळले. "रोगी मुळात मीच इतका जोरात पळवलाय, म्हणून जमलं," तो पुटपुटला.

ओताकीबाईंनी कागद माझ्या हातात दिला. "कोरा. आणि नदीपलीकडे निरोप धाडा, येण्याची तसदी घेऊ नका म्हणावं." मग त्या मोहेईकडे वळल्या. "असे बघत काय उभे राहिलात? आठवं पान कुठंय?"