नानांची डावी चप्पल

कथा वाचायला घेण्याआधी नाना डाव्या पायातली चप्पल अंगणात फेकायचे. त्यांचा कुत्रा धावत जाऊन ती परत आणायचा, पायाशी ठेवायचा, मग वाचन सुरू. कुत्र्याचं नाव संपादक. नानांच्या अनुभवात काहीही पाठवलं तरी परत करणारा प्राणी तेवढाच होता.

धुळ्यातल्या आमच्या गल्लीत दर महिन्याला हे कथावाचन चाले. एकेक श्रोता गळत गेला. कुणी मुलाकडे पुण्याला, कुणी कायमचा. शेवटी मी आणि संपादक उरलो. माझं साहित्य म्हणजे लग्नपत्रिकांवरच्या चारोळ्या. तरी मी काही बरं बोललो की नाना बोट नाचवत म्हणायचे, "लिखी ठेव, भो!" मी कधी लिहून ठेवलं नाही. त्यानं मराठीचं काय नुकसान झालं ते तुम्हीच ठरवा.

नानांनी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली होती, कोळ्यांच्या गावातली. ती प्रकाशकांकडून इतक्यांदा परत आली की पोस्टमन पाकिटाच्या वजनावरूनच ओळखायचा. समुद्र नानांनी पाहिलेला नव्हता. मीही नाही, तरी भरती-ओहोटीच्या प्रकरणात मी दुरुस्त्या सुचवल्या होत्या.

ती कादंबरी ऐकून खरोखर रडणारी एकच बाई, नानांची बायको. ती गेली. मग मुलानं घराला रंग द्यायला काढला आणि विचारलं, "नाना, हा गठ्ठा रद्दीत देऊ?"

"सरस्वती रद्दीमा जात नही," नाना म्हणाले.

जुनी पोथी, देवाची तसबीर आपण पाण्यातच सोडतो. पण पाऊस रुसलेला, पांझरा नदी कोरडी. मग मी अक्कल पाजळली, "नाना, समुद्रावर जाऊ. कादंबरी तिच्याच गावी सोडून येऊ."

ऐन आषाढात आम्ही तिघं कोकणात उतरलो. लॉजवर मागताक्षणी खोली मिळाली तेव्हा मला वाटलं, माझ्या बोलण्याची छाप पडली. अख्खं गाव बंद होतं. होड्या काठावर माडाच्या झापांखाली झाकून ठेवलेल्या.

"आता कशाला आलात हो?" मालकीणबाईंनी विचारलं.

"साहित्यिक कामासाठी," मी म्हणालो. बाईंनी कुत्र्याकडे पाहिलं.

समुद्रापुढे नाना बराच वेळ नुसते उभे राहिले. पाणी गढूळ, आवाज एवढा की शेजारच्याचं ऐकू येईना.

"मना समुद्र असा नव्हताच, भो," ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "बठ्ठं, सगळंच खोटं लिखं मी."



बायकोच्या जुन्या लुगड्यात बांधलेला गठ्ठा त्यांनी कपाळाला लावला आणि पाण्यात फेकला. फेकला, तसा संपादक धावला. त्याला विसर्जन काय ठाऊक! नानांनी फेकलेलं आणायचं, एवढंच त्याला माहीत.

"राहू दे! नको आनू रे! नको आनू!" नाना ओरडत पाण्यात शिरले. मी त्यांची कंबर धरून ठेवली. लाटेवर एकदा काळं डोकं दिसलं. मग दिसलं नाही.

आम्ही नदीकाठची माणसं. पाणी दिलेलं घेऊन जातं, एवढंच आम्हाला माहीत. समुद्रानं काही वेळानं गठ्ठा आमच्या पायाशी आणून टाकला. कुत्रा नाही. गावातले लोक दुसऱ्या दिवशीही किनारा धुंडाळत होते. एसटीत नाना तो ओला गठ्ठा मांडीवर घेऊन धुळ्यापर्यंत बसले. त्यातून पाणी गळत होतं आणि कंडक्टर ते ओलांडून पुढे जात होता.

त्यानंतर वाचन झालं नाही. नाना संध्याकाळी अंगणात चप्पल फेकत आणि एका अनवाणी पायानं बसून राहत. एकदा मी ती उचलून आणली. त्यांनी पाय मागे घेतला.

"नाना, हे तरी लिहून ठेवू का?"

"नको."

पुढच्या उन्हाळ्यात नाना गेले. दारापुढे पायताणांचा ढीग पडला होता. नानांची डावी चप्पल मात्र लांब, निंबाखाली उपडी पडलेली. मी तिच्यापर्यंत गेलो, वाकलो, आणि तिला हात न लावता परत आलो.