बाईंचा नारळ

आमच्या गावाची भूमी एका थोर स्वराने पावन झालेली आहे. गेल्या शतकाच्या मध्यावर, ज्यांच्या तबकड्या घरोघर वाजत होत्या अशा एक विख्यात गायिका आमच्या ग्रामदेवतेच्या जत्रेत येऊन गायल्या, आणि तो सूर देवळाच्या चिऱ्याचिऱ्यांतून अजून घुमतो आहे.

हे वाक्य माझं आहे. गेल्या वर्षी देवस्थान समितीने ते माझ्याकडून लिहून घेतलं, कारण पुस्तकं वाचणारा माणूस म्हणून गावात माझी बदनामी आहे. ते काळ्या दगडावर कोरून सभामंडपात लावायचं होतं, आणि अनावरणाला मोठे पाहुणे यायचे होते. वाक्यात दोनच अडचणी होत्या. एक म्हणजे समितीने स्वतःच ते चिरे काढून तिथे चकचकीत टाइल्स बसवल्या होत्या. दुसरी म्हणजे बाई आल्याच नव्हत्या.

ही दुसरी अडचण मला काकीकडून कळली. माझ्या धाकट्या काकांची ही बायको; काका जाऊन बरीच वर्षं झाली, ती नव्वदीच्या पुढे आहे आणि शेजारच्या घरात राहते. मजकूर कोणाला तरी वाचून दाखवावा म्हणून मी तिच्याकडे गेलो. ती ओटीवर सुपारी कातरत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि अडकित्ता खाली ठेवला.

“बाई खंय गायली रे? मी गायलंय.”

मला वाटलं, वयाचा परिणाम. पण वयाचा परिणाम झालेली माणसं इतक्या बारीक तपशिलाने बोलत नाहीत.

काका तेव्हा मुंबईला एका कचेरीत कारकून होते. सुट्टीत बोटीने मालवण बंदरात उतरताना त्यांनी एक फोनो आणला, आणि त्याबरोबर बाईंची ओळख असल्याची थापही आणली. फोनो गड्याच्या डोक्यावरून घरी येईपर्यंत एका तबकडीवर ओरखडा पडला. थाप मात्र शाबूत पोचली. पुढच्या जत्रेला बाई गोव्याला देवदर्शनाला जाताना आपल्या देवळात एक गाणं म्हणतील, असं काकांनी गावासमोर जाहीर केलं. जत्रेच्या दिवशी दुपारी चारपर्यंत सड्यावरच्या रस्त्याने एकही मोटार उतरली नाही, तेव्हा त्यांनी दुसरा बेत काढला. फोनो देवळाच्या भांडाराच्या खोलीत लपवायचा, त्याच्या कर्ण्यापुढे माइक धरायचा आणि बाहेर सांगायचं की बाई लोकांसमोर गात नाहीत. बेत चांगला होता. पण तबकडी सकाळपासून बैलगाडीत उन्हात पडली होती. ती पापडासारखी वाकली होती.

“तुझो काको घामान नुसतो भिजलेलो,” काकी म्हणाली. “माका म्हणता, तुका येता मां सगळा? म्हटलंय, येता. तर म्हणता, मगे म्हण.”

तेव्हा तिच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. घरात एक फोनो, पाच तबकड्या आणि दिवसभर काम. तिला त्या पाचही तबकड्या पाठ होत्या. तिने भांडारात माइकपुढे पदर खोचला आणि म्हटलं. बाहेर बसलेल्या गावाने मान हलवून ऐकलं. गाणं संपल्यावर काकांनी सांगितलं, बाईंना घाई आहे, त्या मागच्या दाराने गेल्या.

हे ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या डोक्यात जागेवर बसत होती. ते गाणं आमच्या गावातल्या बायका अजूनही दर जत्रेला देवळात म्हणतात, आणि आमच्याकडे त्यात दोन ओळी कमी आहेत. दुसऱ्या कडव्यात नायिका आरशासमोर वेणी घालायला बसते, आणि वेणी अर्धी झालेली असतानाच होडीत बसून पैलतीरी निघते. आमच्या गावात याचा कोणाला खटका वाटत नाही. आमच्या बायका नेहमी घाईतच असतात. लहानपणी रेडिओवर ते गाणं पुरं ऐकलं तेव्हा रेडिओवाल्यांनी पदरच्या दोन ओळी घातल्या, असं आम्ही समजलो होतो. ओरखड्यावरून सुई जिथे उडी मारायची, तिथेच काकीने उडी मारली होती. तिच्यामागून अख्ख्या गावाने.

“दगडावर तुझंच लिहूया का?” मी विचारलं.

“दगड घेवन काय करू? माका माझो नारळ होयो.”

नारळाचं असं आहे. आमच्या देवळात जो गातो त्याला मानाचा नारळ मिळतो. वाईट गाणाऱ्यालाही मिळतो, पण लहान. तोंडाने कोणी बरं-वाईट बोलत नाही. गाणारा नारळ हातात घेतो आणि काय ते समजतो. त्या दिवशी बाईंचा नारळ काकांनी ‘पोचवतो’ म्हणून घेतला आणि घरी आल्यावर भीतीने आडात टाकला. तेव्हापासून दर जत्रेला बाईंच्या नावाने एक नारळ रिकाम्या खुर्चीवर ठेवायची पद्धत पडली. जत्रा संपली की जो कोणी अध्यक्ष असेल तो हा नारळ पोचवण्यासाठी घरी नेतो.

“तुझ्या काकान शपथ घातलेल्यान, कोणाक सांगू नको म्हणान. नाय सांगलंय,” काकी म्हणाली. “पण बरा गायलंय की वायट, ता माका अजून म्हायत नाय.”

मी समितीच्या बैठकीत विषय काढला. आमचे अध्यक्ष एरवी मालवणीत बोलतात, पण सभेत प्रमाण मराठीत शिरतात आणि मग त्यांना बाहेर काढणं अवघड जातं. पुरावा म्हणून मी मोबाइलवर बाईंचं मूळ गाणं लावलं. वेणी पुरी झाली, गजरा माळून झाला, मग नायिका होडीकडे गेली.

“आवाज उत्तम आहे,” अध्यक्ष म्हणाले, “परंतु या चुकीचं म्हणत आहेत.”

“अहो, या त्याच बाई आहेत.”

“असतील. आपल्या देवळात मात्र त्यांनी बरोबर म्हटलं होतं.”

दगड कोरून झाला होता, पाहुण्यांना पत्र गेलं होतं. विषय संपला.

मग मी गावकरांकडे गेलो. आमच्या देवळात देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे आहे; ते आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत आणि गाण्याच्या त्या दिवशी मंडपात पुढच्या रांगेत बसलेले होते. मी जपून सुरुवात केली.

“ठावक आसा मरे,” ते हसले. “रोज बावीर पाणी भरताना गायची ती. तिचो आवाज आमका म्हायत नाय? आणि भांडाराक मागचा दार खंय आसा रे?”

नाही. आजही नाही. मी त्या देवळात जन्मभर जातो आहे.

“म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?”

“आमच्या वयाच्या सगळ्यांका. तुझो काको तोंडघशी पडात म्हणान कोण बोलाक नाय. मगे आजूबाजूच्या गावांत आमचो भाव वाढलो, म्हणान कोण बोलाक नाय. मगे बोलणारेच मेले.”

मी हे काकीला सांगितलं. तिला आनंद होईल असा माझा अंदाज होता. ती संतापली.

“सगळ्यांनी वळाखल्यानी? आणि इतक्या वर्सांत एकान तरी म्हणूक नाय, गो, बरा गायलंस म्हणान?”

हा निरोप मी गावकरांना तसाच पोचवला. त्यांनी पान लावलं. “बघुया,” म्हणाले.

जत्रेच्या दिवशी अनावरण झालं. पाहुण्यांनी स्वरसम्राज्ञी हा शब्द सात वेळा वापरला आणि टाइल्सवरून हात फिरवून स्पंदनं जाणवत असल्याचं सांगितलं. काकीला मी खांबाजवळ खुर्चीवर बसवलं होतं. शेजारीच बाईंची रिकामी खुर्ची, तिच्यावर नारळ. मग गाऱ्हाण्यासाठी सगळे हात जोडून उभे राहिले.

गाऱ्हाण्यात गावकर एकेक मागणं घालतात आणि प्रत्येकाला सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. कशाला म्हणायचं आणि कशाला नाही, असा विचार तिथे कोणी करत नाही. पावसापाण्याचं झालं, गुराढोरांचं झालं, मुंबईला असलेल्यांचं झालं.

“बा देवा म्हाराजा, तुझ्या ह्या मांडवात, त्या सालात, जिणा ता गाणा गायल्यान...”

“व्हय म्हाराजा!”

“ती तुझी लेक ह्या खांबाकडे बसलेली आसा...”

“व्हय म्हाराजा!” यात पाहुण्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

“तिचो रवलेलो नारळ आज तिका अध्यक्षांच्या हातान मेळानदे...”

“व्हय म्हाराजा!” अध्यक्षही म्हणाले, आणि मग त्यांनी डोळे उघडले. पण देवासमोर दिलेला होकार मागे घेण्याची आमच्याकडे सोय नाही. त्यांनी खुर्चीवरचा नारळ उचलला, दोन्ही हातांनी काकीसमोर धरला आणि प्रमाण मराठीत म्हणाले, “स्वीकार व्हावा.”

दगड अजून तिथेच आहे. त्यावर माझं वाक्य आहे आणि ते सुंदर कोरलेलं आहे.

काकीने नारळ घेतला, कानाशी धरून हलवला, तळहातावर तोलून पाहिला आणि मांडीवर ठेवला.

मध्यम होता.